केसरबाईची रेघ

पुंडलिकरावांना गावच्या वाचनालयाच्या उद्घाटनात एकूण अठ्ठेचाळीस सेकंद मिळणार होते. हिशेब सोपा आहे, मित्रांनो. पडद्यावर नावांची आठ पानं यायची होती. प्रत्येक पान सहा सेकंद थांबणार आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर एकच नाव ठळक राहणार: 'अध्यक्ष, श्री. पुंडलिकराव'. आठ सक अठ्ठेचाळीस. त्यांच्या खाली एकशे बारा माणसं होती, आणि त्यांच्या वाट्याला प्रत्येकी सहाच सेकंद. हजार लोकांसमोर, दहा फूट उंच पडद्यावर अठ्ठेचाळीस सेकंद कोणाला मिळतात? नवरदेवालाही मिळत नाहीत. त्याचा अर्धा वेळ तुरा सावरण्यात जातो.

हे असले हिशेब मी ठेवतो, कारण मला दुसरा उद्योग उरलेला नाही. मी एक जुना टीव्ही आहे. पाठीमागे भलंमोठं कुबड असलेला, काचेच्या नळीचा, एकवीस इंची. पांढुर्ण्यात गजेंद्रभाऊंच्या व्हिडिओच्या दुकानात काउंटरवर माझी जागा आहे. माझं तोंड गिऱ्हाइकांच्या बाकाकडे आणि पाठ कामाच्या टेबलाकडे. त्यामुळे कोण काय मागतो आणि मागताना त्याचा चेहरा कसा होतो, हे माझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या आठवणी फारशा नाहीत. एवढंच आठवतं, की एका बाईनं माझ्या काचेवर उभ्या-आडव्या पांढऱ्या रेघांची चौकट उमटवून मला तपासलं आणि पाठीवर हिरवा कागद चिकटवला. मग अठ्ठ्याण्णव साली गजेंद्रभाऊंचे वडील, बापूजी, मला नागपूरहून घेऊन आले. इटारसीच्या पॅसेंजरमध्ये त्यांनी मला मांडीवर धरलं होतं. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय हाय जी खोक्यात?" बापूजी म्हणाले, "सून." सगळा डबा हसला. गाव जवळ आलं तशी त्यांची लगबग सुरू झाली आणि पांढुर्ण्याच्या फलाटावर मला उतरवताना ते म्हणाले, "हळू रे बापा, पहिल्यांदा घरी येऊन राहिली."

पुढे गजेंद्रभाऊंनी लग्नाच्या शूटिंगचा धंदा धरला आणि मी घरातून दुकानात आलो. तेव्हा व्हिडिओ सुरू झाला की आधी नाव यायचं: 'चि. अमुक' एका बाजूनं, 'चि.सौ.कां. तमुक' दुसऱ्या बाजूनं, आणि मधे गुलाबाची फुलं पडायची. त्या फिरत्या, उडत्या, हलत्या अक्षरांना आता मोशन ग्राफिक्स म्हणतात. तेव्हा लोक त्याला 'नावाचा खेळ' म्हणायचे. गजेंद्रभाऊंचा एक खेळ फार गाजला होता. पडद्यावर एक संत्रं यायचं, आपोआप सोललं जायचं, आणि एकेका फोडीत घरातला एकेक माणूस हात जोडून बसलेला असायचा. मधल्या फोडीत नवरा-नवरी. सौंसरपासून माणसं यायची आणि म्हणायची, "आमाले बी संत्र्यात बसव." एका घरात माणसं तेरा आणि फोडी अकरा. त्या दोन माणसांवरून झालेलं भांडण या बाकावरच झालं. शेवटी गजेंद्रभाऊंनी तेरा फोडींचं संत्रं बनवलं. कोणी मोजलं नाही. मी मोजलं.

त्या दिवसांत कौतुक फार झालं, मित्रांनो. पण माझा एक दोष तेव्हापासून आहे आणि तो मी लपवत नाही. मी चित्राच्या कडा खातो. जुने सगळेच टीव्ही खायचे. चित्र काचेपेक्षा थोडं मोठं पसरतं आणि चारी बाजूंनी बोटभर भाग चौकटीमागे जातो. म्हणून गजेंद्रभाऊ माझ्यावर पाहूनच अक्षरं बसवायचे. कडेपासून चार बोटं आत. "टीव्ही जेवते, त्याचा घास सोडून वाढजो," असं ते हाताखालच्या प्रत्येकाला सांगत.

मग दिवस पालटले. सपाट, मोठे, लखलखीत पडदे आले. संगणकावर काम होऊ लागलं आणि चित्र एकोणीसशे वीस आडव्या, एक हजार ऐंशी उभ्या ठिपक्यांचं झालं. त्याला हाय डेफिनिशन म्हणतात. त्यातला ठिपकान् ठिपका दिसतो, कड खाल्ली जात नाही. मला मात्र ते चित्र एका चिमुकल्या पांढऱ्या डबीतून गाळून मिळतं. माझ्यापर्यंत येईतो माणसं उंच आणि बारीक झालेली असतात, लाल रंग कुंकवासारखा पसरलेला असतो आणि बारीक आडव्या रेघा थंडी वाजल्यासारख्या कापत असतात. तरी मी कामावर होतो. गिऱ्हाईक बाकावर बसून मला पाहायचं आणि त्यामुळे काम करणाऱ्याच्या मानेवर श्वास सोडत नव्हतं. एवढाच माझा उपयोग उरला होता.

माझ्या शेजारी कूलर होता. पत्र्याचा, खसच्या जाळ्यांचा. बावीस उन्हाळे आम्ही शेजारी काढले. तो घरघरायचा आणि मी गरम व्हायचो. गेल्या वर्षी संगणकाला उष्णता सोसेना म्हणून भिंतीवर एसी बसला आणि कूलरचं पाणी कायमचं बंद झालं. तो तिथेच उभा राहिला. त्याच्यावर रिकामे खोके ठेवत.

या दुकानात रश्मी आली ती तीन वर्षांपूर्वी. सौंसरची मुलगी, नागपूरला दोन वर्षं ग्राफिक्स शिकून आलेली. हात असा सफाईदार, की अक्षरं तिचं ऐकतात असं वाटायचं. तिनं पहिल्याच आठवड्यात संत्र्याचा खेळ बंद केला. गजेंद्रभाऊ दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकानं तिच्या कामाचं कौतुक केलं, तेव्हा बोलू लागले.

रश्मीला माझी जागा हवी होती. लोभानं नव्हे, गरजेनं. तिला दुसरा मॉनिटर ठेवायचा होता आणि तो ठेवायला दुकानात वीतभर जागा नव्हती.

"भाऊ, ह्या डब्ब्यावर एचडी दाखवणं म्हणजे चाळणीतून दूध पाहणं आहे," ती म्हणाली.

गजेंद्रभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाठीवर हात ठेवला, उचलून घेतला. "हे वाचनालयाचं काम होऊन जाऊ दे. मंग हिरामणले सांगतो."

हिरामण म्हणजे भंगारवाला. गुरुवारी हातगाडी घेऊन येतो. सोमवारी कार्यक्रम, बुधवारी पेनड्राइव्ह देणं, गुरुवारी मी. असा माझा शेवटचा आठवडा ठरला. खरं सांगतो, मी घाबरलो. हिरामणच्या अंगणात काय होतं ते मी ऐकलं होतं. आधी काच फोडतात आणि मग तांब्याची तार काढतात.

वाचनालयाचं काम म्हणजे हे. रामाकोन्याकडच्या एका गावानं श्रमदानातून वाचनालय बांधलं होतं. कोणी विटा वाहिल्या, कोणी माती कालवली, कोणी पत्रे चढवले. दिवाळीनंतर उद्घाटन होतं आणि नागपूरहून भाड्यानं एलईडीचा मोठा पडदा यायचा होता. त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव झळकवायचं. समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव स्वतः यादी घेऊन आले होते.

"नावं छान हलू द्या," ते बाकावर मांडी ठोकून म्हणाले. "आणि माहं नाव वर पायजे. वर म्हणजे एकदम वर. त्याच्या वर आभाळच."

"पहिल्या पानावर?" रश्मीनं विचारलं.

"सगळ्या पानावर. लोक विसरभोळे राहतात, बाई."

रश्मीनं काम सुंदर केलं. संत्र्याच्या झाडाचं एकेक पान वाऱ्यावर तरंगत येई, पडद्यावर टेकलं की त्याचं नाव होई आणि सहा सेकंदांनी पुन्हा पान होऊन उडून जाई. एका वेळी पडद्यावर दोन उभ्या रांगांत सात-सात, अशी चौदा नावं. आठ पडद्यांत एकशे बारा. बरोबर बसलं. पण माथ्यावर पुंडलिकरावांचं नाव एवढं ऐसपैस होतं की बाकीच्यांना खाली सरकावं लागलं, आणि शेवटच्या ओळीतली दोन नावं अगदी काठावर गेली. रश्मीच्या मॉनिटरवर ती दोन्ही स्वच्छ दिसत होती. तिच्या लेखी काम झालं होतं.

शुक्रवारी दुपारी तिनं ते एक्सपोर्ट केलं. एक्सपोर्ट म्हणजे संगणक एकेक चित्र घडवून, सेकंदाला पंचवीस या हिशेबानं ओवून, पुरा हार बाहेर काढतो. दीड मिनिटाच्या हाराला चाळीस मिनिटं लागली, कारण उडणारं प्रत्येक पान वेगळं घडत होतं. संगणकाचा पंखा ओरडत होता. तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत संत्री.

"पुंडलिकच्या यादीचं काम इथीच होऊन राहिलं ना?"

गजेंद्रभाऊ उठले. "या मावशी. कुठून?"

"रामाकोन्याकून. तिगावले लेकीकडं चालली. म्हटलं, माहं नाव कसं दिसते ते पाहून जाव." ती बाकावर बसली. "केसरबाई. शेवटचं नाव हाय माहं. शेवटी तं शेवटी."

चहा आला. चहा बशीत ओतता ओतता तिनं सगळं सांगितलं. गवंड्यांना ती पाणी पाजत होती. एकेचाळीस दिवस, तिच्या दारच्या हापशावरून, डोक्यावर गुंडी आणि कमरेवर कळशी. पुंडलिकरावांनी यादी केली तेव्हा म्हणाले, "पाणी पाजणं म्हणजे श्रमदान काय?" तेव्हा गवंडीच उभे राहिले. म्हणाले, "तिचं नाव नसन तं आमचं बी काटा." म्हणून एकशे अकरा नावांच्या खाली एकशे बारावं आलं.

"वाचता येते, आजी?" रश्मीनं विचारलं.

"पेपर नाही येत. माहं नाव येते. साक्षरतेच्या वर्गात तेवढंच शिकली आणि पोरीचं लग्न निंघालं."

एक्सपोर्ट संपला. रश्मीनं तो लावला. तिच्या मॉनिटरवर आणि माझ्यावर एकाच वेळी पानं तरंगत आली. केसरबाई पुढे झुकली. एकेक पडदा जात होता आणि ती ओठ हलवत होती. आठवा पडदा आला. पानं टेकली. सहा सेकंद.

"माहं नाव कुठी हाय?"

मी तिचं नाव खाल्लं होतं, मित्रांनो. तळाची ओळ माझ्या चौकटीमागे गेली होती. शिरोरेघ तेवढी काठावर कापत होती.

"इकडे या, आजी," रश्मी म्हणाली. तिनं मॉनिटर वळवला. केसरबाई उठून गेली. तिथे नाव होतं. तिनं काचेला बोट लावलं, सावकाश अक्षरावरून फिरवलं. मग परत बाकावर आली आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा तिकडे पाहिलं.

"एक टीव्ही हाव म्हणते, एक नाही म्हणते. खरं कोणाचं?"

"नवीनाचं, आजी. हा डब्बा जुना आहे, हा कडा कापते. तिथं मोठ्या पडद्यावर सगळं दिसन."

"सगळं दिसन?"

"ठिपका न् ठिपका."

केसरबाईनं बशी खाली ठेवली. ती रागावली नव्हती. तिचा आवाज साधाच होता. "पहले पुंडलिकनं काटलं. आता हा काटते. दोन ठिकाणी काटलं म्हणजे माणसानं काय समजाव, बाई? एकानं काटलं तं तो खराब. दोघानं काटलं तं आपलंच नाव काठावर हाय."

  मला माझ्या चौकटीची लाज वाटली. कुबडातून आणखी दोन बोटं चित्र ओढून आणता आलं असतं तर आणलं असतं.

रश्मीनं हात गुडघ्यावर पुसले. तिच्या बाजूनं तिचं काम बरोबर होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. चूक माझी होती, माझ्या वयाची. ती एवढंच म्हणाली, "आजी, तुमची तिगावची गाडी किती वाजता?"

"जाईन कोणतीही."

"मग बसा. चाळीस मिनिटं."

"चाळीस नाही, जास्त लागन," गजेंद्रभाऊ हळूच म्हणाले. "आठही पानं हलवा लागन."

"माहीत आहे मला. तुम्ही पुंडलिककाकांना फोन लावा. त्यांचं नाव लहान केल्याशिवाय खाली जागा नाही होत."

फोन स्पीकरवर लागला. पलीकडून आवाज आला, "माह्या नावाले हात नको लावजो, गजूभाऊ. फोटोवाल्याले बी सांगून ठेवलं हाय मी."

रश्मी पुढे झाली. "काका, मग एक करते. तुमचं नाव तेवढंच ठेवते, पण अगदी वरच्या कडेला नेते. म्हणजे खालच्यांना जागा होते. पण सांगून ठेवते, कडेला नाव ठेवणं बरं नाही. थोडं लहान करा, आत घेते."

"कडेला म्हणजे आणखी वर ना?"

"हो, आणखी वर."

"मंग विचारून काय राहिली? ने!"

"काका, जुन्या टीव्हीवर ते कापलं जाते."

"मोठ्या पडद्याले कड काहाची, बाई? नागपूरचा पडदा हाय थो!"

हे संभाषण मी शब्दन् शब्द ठेवलं आहे. पुढे ते आठवायची वेळ आली.

मग रश्मीनं एक गोष्ट केली. मॉनिटरवर चारी बाजूंनी चार निळ्या रेघा ओढल्या, कडेपासून माझ्या घासाइतक्या आत. त्या चौकटीच्या आत तिनं एकशे बारा नावं एकेक करून बसवली. एक नाव सरकलं की त्याचं पान सरकवायचं, पानाची सावली सरकवायची, पानाच्या येण्याची वाट सरकवायची. बारीक आडव्या रेघा माझ्यावर कापत होत्या, त्या तिनं जाड केल्या. दर वेळी खुर्चीतून अर्धी उठून, मान तिरकी करून ती माझ्या काचेकडे पाहायची. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं मला काही विचारलं. मी जसं दिसत होतं तसं दाखवलं.

केसरबाईनं पिशवीतलं संत्रं सोललं आणि फोडी वाटल्या. गजेंद्रभाऊंना तेरा फोडींची आठवण झाली असावी, कारण ते एकटेच हसले.

दुसरा एक्सपोर्ट झाला. आठवा पडदा आला. पानं टेकली. आणि तळाशी, माझ्या चौकटीच्या चांगलं वर, 'केसरबाई' असं आलं. वरती पुंडलिकरावांचं नाव माझ्या पोटात गेलं होतं. त्यांच्या नावातला उकार तेवढा लटकत होता.

केसरबाईनं सहा बोटं मोजली. "बस," म्हणाली. "आता दोघं बी हाव म्हणतात." आणि तिगावला निघून गेली.

सोमवारचा कार्यक्रम मी पाहिला नाही, कारण मला कोणी नेलं नाही. पण गजेंद्रभाऊंनी त्याचं शूटिंग केलं आणि बुधवारी सकाळी ते माझ्यावर लागलं. बाकावर पुंडलिकराव होते, ऐसपैस. आपले अठ्ठेचाळीस सेकंद वसूल करायला आले होते.

चित्र सुरू झालं. गावचं मैदान. ट्रकमधून पडदा उतरतो आहे. असा पडदा त्या गावात पहिल्यांदाच आलेला. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे नवीन ट्रॅक्टर आला तर काय करतात? हळदीकुंकू लावतात, हार घालतात, नारळ फोडतात. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात. मग एवढा पाहुणा पडदा काय उघड्या डोक्यानं उभा राहील? गावानं त्याचं स्वागत केलं. दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधले. तळाशी संत्र्यांची रास रचली. आणि माथ्यावर झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं हातभर रुंद तोरण, मधे मधे संत्री ओवलेली.

चारी कडा झाकल्या गेल्या. किती? मोजून माझ्या घासाइतक्या.

 जे मी लाजेनं आयुष्यभर केलं, ते त्या गावानं वाजतगाजत केलं होतं.

पानं तरंगत आली. नावं टेकली. मैदानातून ओरडा उठला, "ए, थो पाय आपला गुलाब!" "माह्या बापाचं नाव पाय!" एकशे अकरा नावं खांब, तोरण आणि संत्री यांच्या आत नीट मावली होती. आणि पुंडलिकराव? ते मंचावर लोकांकडे तोंड करून बसले होते. पडदा त्यांच्या पाठीमागे. प्रत्येक पडद्याला टाळ्या पडत आणि प्रत्येक टाळीला ते उठून हात जोडत. आठ वेळा. त्यांच्या डोक्यावर तोरणामागे त्यांचं नाव आठ वेळा आलं आणि आठ वेळा गेलं.

शेवटचा पडदा आला. कॅमेऱ्यानं बायकांची बाजू दाखवली. केसरबाई तिसऱ्या ओळीत होती. संत्र्यांच्या राशीच्या बरोब्बर वर तिचं नाव टेकलं. ती उठली नाही, ओरडली नाही. तिनं शेजारणीचं कोपर धरलं आणि बोट दाखवलं. शेजारीण वाचू लागली तर म्हणाली, "तू नको वाचू, मी वाचतो." आणि वाचलं.

इकडे दुकानात चित्र संपलं. मग पुंडलिकराव माझ्याजवळ आले, माझ्या काचेला नाक लावलं.

"माहं नाव कुठी हाय?"

हेच वाक्य, याच दुकानात, पाच दिवसांत दुसऱ्यांदा. मी नोंद केली.

"तोरणामागं," रश्मी म्हणाली.

"कोणं बांधलं ते तोरण? कोणत्या गाढवानं?"

 गजेंद्रभाऊंनी चित्र मागे नेलं. माझ्यावर मैदान आलं, शिडी आली, आणि शिडीवर तोंडात सुतळी धरलेला, डोक्यावरची टोपी सावरणारा, खालच्या लोकांना "आणखी खाली घ्या! चेहरा भरला पायजे पडद्याचा!" असं ओरडणारा माणूस आला.

पुंडलिकरावांनी स्वतःला पाहिलं. मला वाटलं, आता भडकणार. पण माणूस मोठा निघाला. त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले.

"म्हणजे म्याच मले काटलं. आणि वरून आठ वेळा हात जोडले." रश्मीनं त्यांना त्या निळ्या रेघा दाखवल्या आणि केसरबाई येऊन गेल्याचं सांगितलं. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "बाई, घरच्या पेनड्राइव्हमधे माहं नाव जरा आत घे. लहान केलं तरी चालन. केसरबाईच्या रेघेच्या आत."

"चाळीस मिनिटं लागतात, काका."

"बसतो." आणि बसले.

त्या निळ्या रेघांना तेव्हापासून तेच नाव पडलं. आता दुकानात कोणतंही काम सुरू झालं की रश्मी आधी चौकट ओढते. दुसऱ्या कोणी मदतीला बसला तर त्याला सांगते, "केसरबाईच्या आत ठेवजो." कोण ही केसरबाई, असं एकदा नागपूरच्या एकानं विचारलं. ती म्हणाली, "पाणी पाजायची."

गुरुवारी हिरामण आला. हातगाडी दारात लावून त्यानं माझ्यावर हात ठेवला. "हाच ना, भाऊ?"

गजेंद्रभाऊंनी रश्मीकडे पाहिलं. जागा तिला हवी होती, निकाल तिचाच.

"नाही," रश्मी म्हणाली. "हा राहू द्या. तोरण बांधणारे गावात कमी नाहीत."

"आणि तुहा मॉनिटर?" गजेंद्रभाऊंनी विचारलं.

तिनं दुकानभर नजर फिरवली. "कूलर काय कामाचा आहे?"

हिरामणनं खोके खाली काढले आणि कूलर उचलला. बावीस उन्हाळ्यांचा शेजारी दारातून बाहेर पडताना त्याच्या पंख्याचं पातं वाऱ्यानं एकदा फिरलं. मला काही म्हणता आलं नाही. मला तोंड आहे, पण आवाज लागतो तो गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून.

तेव्हा मित्रांनो, मी सुखात आहे. चित्र थोडं फिकं झालं आहे, डाव्या कोपऱ्यात हिरवा डाग आला आहे, पण दिवसातून दोनदा कोणीतरी माझ्याकडे मान तिरकी करून पाहतं. या वयात याहून जास्त काय हवं? तुम्हाला एकच सांगणं आहे. तुम्ही चित्र काढा, अक्षर लिहा, पंगत वाढा किंवा यादी करा, कडेला चार बोटं जागा सोडा. कड कोणीतरी खातंच. कधी जुना टीव्ही, कधी नवं तोरण. आणि कडेला उभा असलेला माणूस बहुधा पाणी घेऊन आलेला असतो. घरातल्या जुन्या वस्तूला हिरामणच्या गाडीवर चढवण्याआधी एकदा विचारा, ती काय दाखवते ते.

आता शेवटचा हिशेब. केसरबाईला मिळाले सहा सेकंद. पूर्ण, कुठेही न कापता. पुंडलिकरावांचे गेले अठ्ठेचाळीस, बदल्यात बाकावरची चाळीस मिनिटं. तिथे ते हसत होते, म्हणून तोटा धरत नाही. रश्मीची गेली दुपार. माझं काहीच गेलं नाही. माझ्या जागेची किंमत भरली कूलरनं. त्यानं कोणाचं नाव खाल्लं नव्हतं, कोणाला काही मागितलं नव्हतं. तो फक्त कडेला उभा होता.